सदर्कच्या ‘जॉर्ज’चे तळघर

लंडन शहराला टेम्स नदी ओलांडण्यासाठी शतकानुशतके एकच पूल होता. १७५० साली वेस्टमिन्स्टरचा पूल वाहतुकीस खुला होईपर्यंत दक्षिणेकडून, म्हणजे केंटच्या मळ्यांतून, कँटरबरीच्या धर्मक्षेत्रातून किंवा डोव्हरच्या बंदरातून येणाऱ्या बहुतेक माणसांना, गाड्यांना आणि जनावरांना त्या एकाच पुलाच्या तोंडाशी यावे लागे, आणि रात्री पुलाचे दरवाजे लागले म्हणजे सकाळपर्यंत तेथेच मुक्काम करावा लागे. पुलाच्या दक्षिण टोकाशी वसलेल्या या वस्तीचे नाव सदर्क. शहराच्या कोटाबाहेर असल्यामुळे शहराच्या अधिकाऱ्यांचा अंमल येथे ढिला होता. म्हणून ज्या गोष्टी शहराला हव्या तर असत पण स्वतःच्या दारात नको असत, त्या सर्वांना, नाटकगृहांपासून अस्वलांच्या झुंजींपर्यंत आणि तुरुंगांपासून कातडी कमावण्याच्या कारखान्यांपर्यंत, सदर्कने जागा दिली होती. परंतु त्या गावाचा पिढीजात धंदा म्हणजे अडकून पडलेल्या वाटसरूची सोय लावणे हाच होय. बरो हाय स्ट्रीट या हमरस्त्याच्या कडेने टॅबर्ड, व्हाइट हार्ट, किंग्ज हेड, क्वीन्स हेड, जॉर्ज अशी पथिकालये ओळीने उभी होती. (त्यांतील क्वीन्स हेड ही जॉन हार्वर्डच्या घरची मिळकत, तेव्हा अमेरिकेतील एका जगद्विख्यात विद्यापीठाच्या पायाशी सदर्कच्या एका खानावळीचे उत्पन्नही आहे, ही गोष्ट विद्येच्या अभिमान्यांनी मनाला लावून घेऊ नये.) या सर्वांपैकी आज एकटा ‘जॉर्ज’ उरला आहे, आणि तोही अंशतः.

रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसत नाही. अर्वाचीन इमारतींच्या मधून एक बोळ आत जातो, आणि त्यातून पुढे गेले की फरसबंद चौक लागून उजव्या हाताला, लाकडी कठड्यांचे एकावर एक असे दोन सज्जे मिरवणारी, वयोमानाने जागोजाग कललेली लांबट इमारत उभी राहते. ज्याने पुण्याचा जुना वाडा पाहिला आहे त्याला या रचनेचे नवल वाटणार नाही. रस्त्याला तोंड द्यावयास दिंडी, मध्ये चौक, चौकाभोवती सज्जे, खाली पागा आणि कोठ्या, वर राहावयाच्या खोल्या, असाच हा मूळचा थाट होता. जॉन स्टो याने १५९८ साली प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या वर्णनात सदर्कच्या पथिकालयांमध्ये जॉर्जचे नाव आहे. १६७६ च्या मे महिन्यात सदर्कमध्ये मोठी आग लागून शेकडो घरे भस्मसात झाली, त्यांत जुना जॉर्जही गेला. दुसऱ्याच वर्षी तो पुन्हा बांधून काढण्यात आला, आणि आज आपण पाहतो ती इमारत त्या १६७७ सालची. जुने लाकूड, ठेंगणी छते, वाकडे जिने आणि काळवंडलेल्या तुळया पाहून पाहुण्याची अशी समजूत होते की हा पब केवळ आपल्या जुनेपणाच्या बळावर तरून राहिला असावा. मला मात्र त्याची कहाणी वाचताना उलटेच वाटत आले आहे: इंग्रजांचा हा सुप्रसिद्ध पब, त्यातील पेय आणि त्यातील जेवण, या तिन्हींना आजचे रूप परंपरेने दिले त्याहून अधिक सरकारच्या परवान्यांनी, करांनी आणि मनाई हुकुमांनी दिले आहे, आणि या सगळ्या दप्तरात ज्याची नोंद क्वचितच झाली, त्या तळघरातील कारभाऱ्याच्या हातांनी ते टिकवले आहे.

आरंभ शेजारच्या टॅबर्डपासून करणे उचित. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपले कँटरबरीचे यात्रेकरू येथूनच मार्गस्थ केले. त्यांचा यजमान हॅरी बेली हे कवीच्या कल्पनेतले पात्र असले तरी हेन्री बेली नावाचा खरा पथिकालयवाला त्या काळी सदर्कमध्ये होता, आणि तो पार्लमेंटात सदर्कचा प्रतिनिधी म्हणूनही बसला होता. काव्यातील बेली यात्रेकरूंना अशी युक्ती सुचवतो की वाटेत प्रत्येकाने गोष्टी सांगाव्यात आणि ज्याची गोष्ट सरस ठरेल त्याला परतल्यावर इतरांच्या खर्चाने मेजवानी द्यावी, मात्र ती मेजवानी बेलीच्याच खानावळीत व्हावी. इंग्रजी वाङ्मयाच्या एका शिखरग्रंथाची सारी योजना अशा रीतीने एका खानावळवाल्याने आपली जाती-येती गिऱ्हाइके बांधून ठेवण्यासाठी लढवलेल्या शकलेवर उभी आहे. त्याच काव्यातील चक्कीवाला, आपल्या तोंडून काही वावगे गेल्यास त्याचा दोष सदर्कच्या एलला द्यावा, असे आधीच बजावून ठेवतो. म्हणजे सदर्कची एल त्या काळीही नावाजलेली होती.

ही एल आजच्या एलहून वेगळी. सातूला मोड आणून, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांचा अर्क उतरवायचा, आणि तो किण्वाने आंबवायचा, एवढीच तिची कृती. तिच्यात हॉप्स नसत. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट, सुगंधी फुले. ती पेयाला चव देतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला नासू देत नाहीत. त्यांच्यावाचून एल चार दिवसांत आंबट होई, म्हणून ती थोडी थोडी आणि घरोघर करावी लागे, आणि हे काम बहुधा बायकांचे असे. ज्या घरी नवी एल तयार झाली त्या घराबाहेर एक काठी लावीत, आणि गावाने नेमलेला तपासनीस येऊन चव घेऊन दर ठरवी. कारण पाव आणि एल यांच्या किमतीवर राजसत्तेचे नियंत्रण तेराव्या शतकातच बसले होते. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडच्या फ्लँडर्स-हॉलंडकडील कारागिरांनी हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडात आणली, आणि त्यांतील पुष्कळांनी सदर्कमध्येच आपल्या भट्ट्या मांडल्या. पेय टिकू लागताच ते साठवता येऊ लागले, साठवता येऊ लागताच दूर पाठवता येऊ लागले, आणि जे दूर पाठवता येते त्याला भांडवल लागते. अशा क्रमाने धंदा हळूहळू बायकांच्या परसातून निघून पुरुषांच्या कारखान्यांत गेला. आज ‘खरी एल’ म्हणून जी अभिमानाने प्यायली जाते तीही हॉप्स घातलेलीच असते. म्हणजे चॉसरच्या चक्कीवाल्याने तिला एल म्हणावयाचे साफ नाकारले असते.

पूर्वी कायद्याच्या दृष्टीने तीन प्रकारची घरे असत. पथिकालय म्हणजे इन. त्याने प्रवाशाला निवारा आणि अन्न द्यावयाचे आणि वाजवी कारणावाचून त्याला परत पाठवावयाचे नाही, हा इंग्लंडचा जुना दंडक. टॅव्हर्न ही द्राक्षमद्याची, म्हणून पैसेवाल्यांची जागा. आणि एल-हाउस म्हणजे गरिबाचा गुत्ता, जेथे एलबरोबर फार तर पाव आणि चीज मिळे. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५५२ साली, असा कायदा झाला की परगण्याच्या न्यायाधीशांच्या परवान्यावाचून कोणी एल-हाउस चालवू नये, आणि परवाना घेताना चालकाने सुव्यवस्थेबद्दल जामीन द्यावा. तेव्हापासून इंग्रज पबची नाडी परवान्याच्या हाती गेली ती आजतागायत.

येथे आपल्याकडील वाचकाच्या मनात तुलना उभी राहणे अपरिहार्य आहे. त्याच इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सुव्यवस्थेहून वसूल अधिक होता. दारूविक्रीचे मक्ते लिलावाने दिले जात, ताडामाडांच्या झाडांवर कर बसवला जाई, आणि जो जास्त बोली बोलेल तो मक्तेदार साहजिकच जास्तीत जास्त दारू खपवण्याच्या मागे लागे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, आणि १९०८ साली पुण्यात टिळकांच्या प्रेरणेने दुकानांपुढे निरोधन झाले, ते याच धोरणाची फळे पाहून. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याची जागाच बदलली: इंग्लंडात परवाना घराचा असतो आणि पिणारा बिनपरवान्याचा, आपल्याकडे घराला तर परवाना लागतोच, पण पिणाऱ्याच्या खिशातही असावा लागतो, आणि ‘परमिट रूम’ ही पाटी जगात अन्यत्र सहसा न आढळणारी वस्तू महाराष्ट्राच्या रस्त्यांवर विपुल आढळते. पबमध्ये म्हातारा, तरुण, कारकून, बॅरिस्टर दिवसाढवळ्या उघड्या खिडकीशी बसतात आणि आपल्याकडे तीच कृती काळ्या काचांआड होते, यात स्वभावापेक्षा या दोन कायद्यांचा भाग मोठा असावा असे मला वाटते.

आपला आणि या पेयाचा आणखी एक संबंध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन नावाच्या कारखानदाराची भट्टी होती, आणि ती ईस्ट इंडिया कंपनीची गलबते जेथून सुटत त्या ब्लॅकवॉलच्या धक्क्यांजवळ होती. कप्तान स्वतःच्या खासगी व्यापारासाठी त्याची पिंपे उधारीवर उचलीत आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील गोऱ्या अधिकाऱ्यांना विकीत. हॉप्सनी भरपूर युक्त असे हे फिके पेय सहा महिन्यांच्या, दोनदा विषुववृत्त ओलांडणाऱ्या प्रवासात नासत तर नसेच, उलट मुरत असे. १८२० नंतर बर्टन-ऑन-ट्रेंटच्या ऑलसॉप आणि बास यांनी तेथील जिप्समयुक्त पाण्याच्या बळावर हा व्यापार हॉजसनच्या हातून काढून घेतला. आज लंडनच्या कोणत्याही पबमध्ये हातपंपाच्या मुठींवर जी ‘इंडिया पेल एल’ लिहिलेली असते, तिच्या नावातला हिंदुस्थान तो हा: पिणारा साहेब, वाहणारे गलबत, आणि चव बदलणारा समुद्र. एवढ्या व्यवहारात येथल्या माणसाचा संबंध बहुधा पिंप धक्क्यावरून उचलण्यापुरताच आला असेल.

सदर्क मात्र या धंद्याचे पीठच होऊन बसले. केंटमध्ये पिकणारे हॉप्स पुलापाशी येऊन उतरत, म्हणून वखारी येथेच झाल्या, आणि १८६७ साली येथे हॉप्सच्या सौद्यांसाठी एक भव्य बाजारगृह उभे राहिले, त्याचा दर्शनी भाग अजून उभा आहे. कोशकार डॉ. जॉन्सनचे स्नेही थ्रेल यांची अँकर ब्रुअरी सदर्कचीच. थ्रेल वारल्यावर त्यांच्या मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक म्हणून डॉक्टरसाहेबांनी १७८१ साली ती १,३५,००० पौंडांना विकण्यात हातभार लावला. कोशकाराच्या हातून झालेला हा बहुधा सर्वांत मोठा सौदा असेल.

जॉर्जला खरा तडाखा बसला तो लोहमार्गाचा. १८३६ साली लंडन ब्रिजचे स्थानक उघडले आणि पाहता पाहता टपालगाड्या व घोड्यांच्या बग्ग्या बंद पडल्या. ज्यांचे जगणे वाटसरूच्या थांबण्यावर होते त्या पथिकालयांना, वाटसरू थांबेनासा झाल्यावर, अर्थच उरला नाही. टॅबर्ड १८७० च्या दशकात पाडले गेले, आणि व्हाइट हार्ट, जेथे १४५० साली बंडखोर जॅक केडने तळ दिला होता आणि जेथे डिकन्सच्या पिकविकला सॅम वेलर भेटतो, तेही १८८९ साली नाहीसे झाले. जॉर्ज रेल्वे कंपनीच्याच मालकीत गेला. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने त्याचा चौक मालगुदामासाठी वापरला आणि त्याच १८८९ साली चौकाच्या दोन बाजू पाडून टाकल्या. उरलेली दक्षिणेची बाजू कोणाच्या सौंदर्यदृष्टीने वाचली असे नव्हे. गुदामाला तिची जागा लागली नाही. पुढे १९३७ साली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने ती नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली.

मधल्या काळात देशातील पबचे स्वरूप दोन कायद्यांनी पालटले होते. जिनच्या व्यसनाने गरीब वस्त्या पोखरल्या गेल्याची आठवण अजून पुरती बुजली नव्हती, आणि बिअर ही तिच्या मानाने निरुपद्रवी व पौष्टिक वस्तू आहे अशी सार्वत्रिक समजूत होती. म्हणून १८३० साली वेलिंग्टनच्या सरकारने बिअरवरील कर काढला आणि दोन गिनी भरील त्या कोणाही करदात्याला स्वतःच्या घरात बिअर विकण्याची मुभा दिली. आठ वर्षांत अशी चाळीस हजारांहून अधिक घरे उघडली. त्यांची स्पर्धा जुन्या परवानेदारांना झेपेना. तेव्हा १८६९ साली नव्या घरांनाही न्यायाधीशांच्या परवान्याखाली आणले गेले. नवे परवाने दुर्मिळ झाले, आणि जी वस्तू दुर्मिळ होते तिच्यावर भांडवल तुटून पडते. बड्या ब्रुअऱ्यांनी पबच्या पब विकत घेतले आणि चालकाने आमचीच बिअर विकावी अशी अट घातली. आपण ज्याला ‘व्हिक्टोरियन पब’ म्हणून वाखाणतो, तो महागनीचा काउंटर, कोरीव काचा, आरसे, आणि सभ्य गिऱ्हाइकाचा चेहरा पलीकडच्याला दिसू नये म्हणून लावलेल्या फिरत्या काचेच्या झडपा, हा सारा थाट बव्हंशी १८९० च्या दशकातील या परवान्यांच्या सट्टेबाजीचा आहे. एकाच छपराखाली मजुरांचा पब्लिक बार निराळा, बाबूलोकांचा सलून बार निराळा. पेय तेच, पण पलीकडे त्याचा दर थोडा चढा. वर्णव्यवस्थेवरून आपल्याला उपदेश करणाऱ्या समाजाने ही सोय किती काटेकोरपणे केली होती हे पाहण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धाने पुढचा घाव घातला. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून लंडनमधील पब दिवसातून साडेपाच तासच उघडे ठेवण्याचा हुकूम निघाला, आणि दुपारी त्यांच्या दारांना कुलूप लागले. दुसऱ्याला स्वखर्चाने पेय पाजणे हाही काही काळ गुन्हा ठरला. युद्ध संपले, कारखाने बंद झाले, पण युद्धाची निकड म्हणून आलेली ही दुपारची बंदी इंग्लंडात १९८८ पर्यंत टिकली. कराचे म्हणाल तर १९१४ मध्ये प्रमाणित पिंपामागे ७ शिलिंग ९ पेन्स असलेला कर १९२० मध्ये १०० शिलिंगांवर गेला, आणि बिअर तेव्हापासून जी सौम्य झाली ती पुन्हा पूर्वीइतकी कडक झाली नाही. इंग्रजी एल सौम्य असते, तिचे दोन-तीन पिंट पिऊनही माणूस सुसंगत बोलू शकतो, याचे श्रेय राष्ट्रीय संयमाला देण्याचा प्रघात आहे. त्यातला बराच वाटा कर आकारणाऱ्या खात्याला द्यावयास हवा.

आता तळघरात उतरू, कारण खऱ्या एलचे सारे रहस्य तेथे आहे. ब्रुअरीतून निघते तेव्हा ही एल पुरी झालेली नसते. पिंपात तिच्यासोबत जिवंत किण्व असते आणि पिंपातच तिचे दुसरे आंबवण चालू राहते. बहुधा हे पिंप नऊ गॅलनांचे, म्हणजे बहात्तर पिंटांचे, असते. कारभारी ते आडवे करून लाकडी घोडीवर अशा बेताने निजवतो की ते पुन्हा हलवावे लागू नये; मग वरच्या बुचात एक सच्छिद्र लाकडी खुंटी ठोकतो, तिच्यातून साठलेला वायू फसफसत बाहेर पडतो, आणि फसफस मंदावली की ती खुंटी काढून कठीण लाकडाची दुसरी बसवतो, म्हणजे उरलेला थोडा वायू आतच राहून पेयाला जिवंतपणा देईल. गाळ तळाशी बसावा म्हणून पिंपात माशाच्या वाताशयापासून केलेला एक सरसासारखा पदार्थ घातलेला असतो. आपल्या कोळ्यांना घोळ माशाच्या पोटातील फुग्याला सोन्याचा भाव का येतो हे ठाऊक आहे, आणि असले फुगे मुंबईहून परदेशी जात आले आहेत. एकदा लाकडी हातोड्याच्या एका फटक्यात तोटी आत बसवली की घड्याळ सुरू होते. तोटीपासून नळी निघते ती काउंटरवरच्या दांड्याला जाऊन मिळते. जोसेफ ब्रामाने १७९७ साली ज्या प्रकारच्या पंपाचे पेटंट घेतले त्याच जातीचा हा हातपंप, आणि दांडा ओढला म्हणजे वायूच्या दाबाने नव्हे तर माणसाच्या दंडाच्या बळाने एल वर चढते. जेवढी एल बाहेर येते तेवढी हवा पिंपात शिरते, आणि हवा शिरली की आंबण्याला आरंभ होतो. तीन दिवसांत, फार तर चार दिवसांत, पिंप संपले पाहिजे. तळघराची उष्णता अकरा ते तेरा अंशांच्या दरम्यान राखावी लागते. इंग्रज लोक बिअर कोमट पितात ही आपल्याकडील समजूत केवळ बर्फाच्या सवयीमुळे झाली आहे.

यातून एक गोष्ट उघड होते की खरी एल ही ब्रुअरीची निम्मी आणि पबची निम्मी वस्तू आहे. एकच पिंप एका तळघरात अमृत होते आणि दुसऱ्यात शिरका. मोठ्या कारखानदारांना नेमके हेच सलत होते. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी गाळलेली, उष्णता देऊन निर्जीव केलेली, थंड केलेली आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने वर चढणारी केगची बिअर पुढे रेटली; तिला कारभाऱ्याची अक्कल लागत नाही आणि ती आठवडेच्या आठवडे नासत नाही, कारण तिच्यात नासण्यासारखे काही उरलेले नसते. १९६० च्या दशकात विलीनीकरणे होत होत सहा बड्या कंपन्यांच्या हाती देशातील बहुतेक बिअर आली, आणि वॉटनीची ‘रेड बॅरल’ ही या नव्या युगाची पताका ठरली. १९६३ मध्ये काही पिंपप्रेमींनी लाकडी पिंपांतील बिअर जतन करण्यासाठी एक संस्था काढली, पण तिचा आवाज लहान होता. १९७१ मध्ये आयर्लंडच्या केरी परगण्यात सुट्टीवर गेलेल्या मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर या चौघांनी एक चळवळ पुकारली, आणि दोन वर्षांनी तिला ‘कँपेन फॉर रिअल एल’, संक्षेपाने ‘कॅमरा’, हे नाव मिळाले. तिने खऱ्या एलची व्याख्या केली, ती मिळणाऱ्या पबची मार्गदर्शिका १९७४ पासून वर्षानुवर्षे छापली, पब पाडले जात असतील तेथे मोर्चे काढले, आणि विशेष म्हणजे कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या जिभेची दखल घेणे भाग पाडले. परदेशी पाहुणा ज्या हातपंपाला अनादि काळापासून चालत आलेली चाल समजतो, तो आज जागोजाग दिसतो हा वास्तविक अर्ध्या शतकापूर्वीच्या काही हट्टी पिणाऱ्यांचा पराक्रम आहे. गंमत अशी की ‘रिअल एल’ हा जुन्यासारखा वाटणारा शब्दप्रयोगही त्यांनीच रूढ केला.

जेवणाची कथा अशीच वळणावळणाची आहे. पथिकालयात पूर्वी ठरलेल्या वेळी ठरलेल्या दरात एका लांब मेजावर सर्वांना एकच जेवण वाढीत. भाजलेले मांस, पाई, पुडिंग, चीज. बग्ग्या गेल्या तसे हे जेवणही गेले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य पबमध्ये भूक लागलेल्याला डुकराच्या मांसाची गार पाई, शिरक्यातले अंडे आणि बटाट्याच्या चकत्या यांपलीकडे फारसे काही मिळत नसे. ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरट्याचे जेवण, या प्राचीन वाटणाऱ्या नावाने पाव, चीज आणि लोणच्याचे जे ताट आज मिळते, तेही त्या नावाने लोकप्रिय केले ते १९५४ साली चीजचे रेशनिंग उठल्यानंतर दूधदुभत्याचा खप वाढवू पाहणाऱ्या मंडळांनी. १९६७ मध्ये वाहनचालकाच्या श्वासाची तपासणी कायद्याने सुरू झाली, तेव्हा निव्वळ पिण्यासाठी मोटारीने येणारा बिचकला आणि पबवाल्यांना कुटुंबासह जेवावयास येणाऱ्याची आठवण झाली. १९९१ साली लंडनच्या फॅरिंगडन रोडवरील ‘ईगल’ने चांगला स्वयंपाक पबमध्येच करावयाचा प्रयोग केला, तो गाजला. आणि २००७ च्या १ जुलैपासून इंग्लंडात बंदिस्त जागेत धूम्रपानाला मनाई झाल्यावर, धूर गेल्यामुळे पबमध्ये प्रथमच स्वयंपाकाचा वास येऊ लागला.

आज जॉर्जमध्ये जाणारा माणूस दारातल्या बाकावर किंवा आतल्या ठेंगण्या दालनांत स्वतःच जागा शोधतो, स्वतःच काउंटरपर्यंत जातो, हातपंपांवरच्या पाट्या वाचून एक पिंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, किंवा अर्धा मागतो, आणि तेथल्या तेथे पैसे देतो. बरोबर मंडळी असल्यास प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी आणावयाचे, आणि आपली पाळी चुकवणाऱ्यासारखा नीच प्राणी नाही, असा लिखित कायद्याहून कडक अलिखित कायदा आहे. बीफ आणि एलची पाई, बटाट्याच्या तळलेल्या फोडींसह तळलेला मासा, रविवारचे भाजलेले मांस, असे जड जेवण या किंचित कडवट, मंद फेसाच्या पेयाबरोबर उत्तम जमते. शाकाहाऱ्याला आता पूर्वीइतके उपाशी राहावे लागत नाही. एका दालनात मोठ्या तबकडीचे जुने घड्याळ आहे. पंतप्रधान पिटने १७९७ साली घड्याळांवर कर बसवला, लोकांनी खिशातली घड्याळे टाकली, आणि त्यांच्या सोयीसाठी खानावळींनी भिंतीवर अशी घड्याळे लावली, अशी कथा ते दाखवून सांगतात. कर खरा होता आणि तो पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. पण असल्या घड्याळांची चाल त्याच्या पुष्कळ आधीची आहे.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देशातील सर्व पब बंद करण्याचा हुकूम झाला, आणि तळघरांतील उघडलेली पिंपे, जी थांबू शकत नव्हती, ती गटारात ओतावी लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये काही दिवस असा नियम आला की पबने पेय द्यावे, परंतु ‘भरीव जेवणा’सोबतच द्यावे; तेव्हा खिम्यात गुंडाळून तळलेले एक अंडे भरीव जेवणात गणावे की नाही या प्रश्नावर मंत्र्यांनी जाहीरपणे मते दिली, आणि पथिकालय व एल-हाउस यांत मध्ययुगात केलेला भेद, एका अंड्याच्या निमित्ताने का होईना, पुन्हा सरकारी चर्चेत आला. २०२३ च्या ऑगस्टपासून सरकारने मद्यावरील कराची पुनर्रचना केली, तीत दुकानातल्या बाटलीपेक्षा पबच्या पिंपातून काढलेल्या पेयाला कमी कर लावण्याचे तत्त्व मान्य झाले. ही सवलत किमान २० लिटरांच्या पात्राला मिळते, म्हणजे नऊ गॅलनांचे पिंप तीत सहज बसते. मात्र केगही बसतो, कारण महसूल खात्याच्या लेखी जिवंत आणि निर्जीव बिअर सारखीच. १ फेब्रुवारी २०२५ पासून ही सवलत आणखी थोडी वाढवली आहे. त्यामुळे पिंपातल्या पेयावरचा कर हिशेबाने एका पिंटामागे सुमारे एक पेनीने उतरला.